साठ वर्षांत तीनच विजय!

आशियाई चषक फुटबॉल स्पर्धेतील भारताच्या वाटचालीचा हिशेब

मडगावच्या फातोर्डा भागातील पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम. तारीख १४ ऑक्टोबर २०२५. समोर सिंगापूरचा संघ. भारताला जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हते. चौदाव्या मिनिटाला लालियानझुआला छांगटेने गोल केला आणि आशेला पालवी फुटली. मध्यंतराला एक मिनिट उरले असताना साँग उई-यंगने बरोबरी साधली. उत्तरार्धात, ५८ व्या मिनिटाला, त्याच साँगने दुसरा गोल केला. उरलेल्या अर्ध्या तासात भारताला तो फेडता आला नाही. २-१! सौदी अरेबियात होणाऱ्या २०२७ च्या आशियाई चषक स्पर्धेचे दार त्या संध्याकाळी भारतासाठी बंद झाले.

हे घडले ते गोव्यात, जिथे सरकारनेच २०१२ साली फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून मान्यता दिली त्या मातीत. हरवले ते सिंगापूरने. चार बलाढ्य संघांपैकी कुणी हरवले असते तर लोक हळहळले असते आणि विसरले असते. पण सिंगापूरसारख्या चिमुकल्या देशाकडून, तेही घरच्या मैदानावर हरावे, हे जिव्हारी लागणारे होते.

एकशे चाळीस कोटींच्या देशाला अकरा धड खेळाडू मिळत नाहीत का, हा प्रश्न अशा वेळी चहाच्या टपरीपासून दिवाणखान्यापर्यंत सगळीकडे विचारला जातो. प्रश्न सोपा आहे, उत्तर तितके सोपे नाही. ते शोधायचे तर आशियाई चषकाच्या इतिहासात भारताने काय केले आणि काय केले नाही, याचा जमाखर्च एकदा नीट मांडला पाहिजे.

कपिलाषष्ठीचा योग

तमिळनाडूतील कुंभकोणम येथे महामहमचा मोठा मेळा भरतो तो बारा वर्षांनी एकदा. आपल्या नाशिकचा सिंहस्थही तसाच, बारा वर्षांनी येणारा. पण आशियाई चषकात भारताचे दर्शन घडणे हे त्याहून दुर्मीळ! १९५६ ते २०२३ या काळात ही स्पर्धा अठरा वेळा झाली. त्यात भारत मुख्य फेरीत खेळला तो फक्त पाच वेळा : १९६४, १९८४, २०११, २०१९ आणि २०२३. १९८४ ते २०११ या सत्तावीस वर्षांत कुंभकोणमचा मेळा १९९२ आणि २००४ असा दोनदा भरून गेला, पण भारताचा संघ काही आशियाई चषकात पोहोचला नाही.

या पाच स्पर्धांत मिळून भारत सोळा सामने खेळला. तीन जिंकले, एक बरोबरीत सोडवला, बारा हरला. गोल केले बारा आणि खाल्ले तेहतीस. त्या तीन विजयांपैकी दोन तर एकाच आठवड्यातले, १९६४ सालचे.

हे आकडे पाहून मान खाली जाते खरी. पण नुसत्या आकड्यांत सगळी कथा येत नाही.

पंडितजी गेले त्या दिवशी

१९६४ ची स्पर्धा इस्रायलमध्ये झाली. संघ होते अवघे चार : यजमान इस्रायल, दक्षिण कोरिया, हाँगकाँग आणि भारत. अरब आणि इतर अनेक देशांनी राजकीय कारणांसाठी इस्रायलमध्ये खेळायला नकार दिला होता. भारताच्या विभागातील बाकीच्या संघांनी माघार घेतली आणि पात्रता फेरीचा एकही सामना न खेळता भारत मुख्य स्पर्धेत पोहोचला. त्या वेळी भारत आणि इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंधही नव्हते. ते जुळले १९९२ साली.

पात्रता आयती मिळाली असली तरी संघ मात्र ऐऱ्यागैऱ्यांचा नव्हता. दोनच वर्षांपूर्वी, १९६२ साली, जाकार्तातील आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून सुवर्णपदक जिंकले होते. तो संघ घडवणारे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम जून १९६३ मध्ये कर्करोगाने गेले. त्यांच्या पश्चात इंग्रज प्रशिक्षक हॅरी राइट यांच्याकडे सूत्रे आली. कर्णधार होता चुनी गोस्वामी. हाच चुनी पुढे बंगालच्या क्रिकेट संघाचाही कर्णधार झाला आणि १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध खेळला, हे मुंबईच्या जुन्या क्रिकेटप्रेमींना आठवत असेल.

भारताचा पहिला सामना होता २७ मे १९६४ रोजी, दक्षिण कोरियाशी. त्याच दिवशी दिल्लीत पंतप्रधान पंडित नेहरूंचे निधन झाले. सारा देश शोकात बुडालेला असताना दूर इस्रायलमध्ये भारताचे अकरा खेळाडू मैदानात होते. अप्पलराजूने सुरुवातीलाच गोल केला, उत्तरार्धात इंदर सिंगने दुसरा. भारत २-० असा जिंकला. ज्या स्पर्धेत भारताने असा श्रीगणेशा केला, त्याच स्पर्धेची वाट एकसष्ट वर्षांनी नेहरूंचेच नाव असलेल्या मैदानावर अडावी, हा योगायोग मोठा चटका लावणारा आहे.

दुसऱ्या सामन्यात यजमान इस्रायलने भारताला २-० असे हरवले. तिसऱ्या सामन्यात भारताने हाँगकाँगचा ३-१ असा पाडाव केला. गोल करणारे होते इंदर सिंग, सुकुमार समाजपती आणि खुद्द चुनी गोस्वामी. स्पर्धा साखळी पद्धतीची असल्याने अंतिम सामना नव्हताच. तिन्ही सामने जिंकून इस्रायल विजेता ठरला, भारत दुसरा. विशीतला इंदर सिंग दोन गोलांसह इस्रायलच्या मोर्देखाय स्पिगलरच्या बरोबरीने सर्वाधिक गोल करणारा ठरला.

आशियात दुसरा क्रमांक! आजवरच्या नोंदवहीत ही भारताची सर्वोत्तम कामगिरी आहे. ती चार संघांच्या स्पर्धेतली आहे, हे खरे. पण कोरियासारख्या संघाला सहज नमवण्याची ताकद तेव्हाच्या भारतीय संघात होती, हेही तितकेच खरे.

घड्याळ थांबले

यानंतर जे झाले त्याला घसरण म्हणण्यापेक्षा विस्मरण म्हणणे योग्य ठरेल. १९६८ साली भारत पात्र ठरला नाही. १९७२, १९७६ आणि १९८० या तीन स्पर्धांत भारताने भागच घेतला नाही. १९७० च्या बँकॉक आशियाई क्रीडा स्पर्धेत मिळालेले कांस्यपदक हे शेवटचे मोठे पदक. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या लढतींना मैदान ओसंडून वाहत होते, मुंबईत १८९१ पासून चालत आलेली रोव्हर्स चषक स्पर्धा कूपरेजवर रंगत होती, गोव्यात गावोगावी चर्चच्या पुढच्या पटांगणात पोरे चेंडू लाथाडत होती. खेळ मेला नव्हता. पण देशाचा संघ आशियाई चषकात खेळला पाहिजे, ही निकड मात्र कुणाला वाटत नव्हती.

१९८४ साली, तब्बल वीस वर्षांनी, तो योग आला. कोलकात्यातील पात्रता फेरीत दक्षिण कोरियामागे दुसरा क्रमांक मिळवून भारत सिंगापूरला गेला. प्रशिक्षक होते युगोस्लाव्हियाचे मिलोवान चिरिच. पहिल्याच सामन्यात यजमान सिंगापूरने भारताला २-० असे हरवले. संयुक्त अरब अमिरातीनेही तेच केले. चीनने तीन गोल चढवले. दिलासा एवढाच, की उपान्त्य फेरी गाठणाऱ्या इराणला भारताने गोलशून्य बरोबरीत रोखले. आशियाई चषकातील ही भारताची आजवरची एकमेव बरोबरी! चार सामन्यांत भारताला एकही गोल करता आला नाही.

मग पुन्हा काळोख. १९८८ ते २००७ या काळातील सलग सहा स्पर्धांना भारत पात्र ठरला नाही. या वर्षांत देशात खेळाडू नव्हते काय? त्रिशूरचा आय. एम. विजयन याच काळातला. गोव्याचा ब्रूनो कुतिन्हो याच काळातला. दोघेही अर्जुन पुरस्काराचे मानकरी, दोघांनीही मैदाने गाजवली. पण आशियाई चषकाच्या मुख्य फेरीत दोघांनाही एकदाही खेळायला मिळाले नाही. एखाद्या गवयाने आयुष्यभर रियाज करावा आणि त्याला मोठी मैफलच मिळू नये, तशी त्या पिढीची गत झाली.

दोहाचा धडा

ही कोंडी फुटली २००८ साली. त्या वर्षी भारतात झालेली एएफसी चॅलेंज कप स्पर्धा जिंकणाऱ्याला २०११ च्या आशियाई चषकाचे थेट तिकीट मिळणार होते. हैदराबादेत पहिल्याच सामन्यात अफगाणिस्तानने भारताला झुंजवले. अगदी शेवटच्या क्षणी गोव्याच्या क्लायमॅक्स लॉरेन्सने गोल केला आणि भारत वाचला. नावाप्रमाणेच त्याने सामन्याचा उत्कर्षबिंदू साधला, असे तेव्हा गमतीने म्हटले गेले असेल तर नवल नाही! १३ ऑगस्ट रोजी दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर अंतिम सामन्यात भारताने ताजिकिस्तानला ४-१ असे हरवले. चारपैकी तीन गोल सुनील छेत्री या तरुणाचे होते.

कतारमधील २०११ च्या स्पर्धेसाठी प्रशिक्षक बॉब हॉटन यांनी कसर ठेवली नाही. खेळाडू क्लबांकडून महिनोन्महिने मागून घेतले, परदेशांत शिबिरे झाली. संघात गोव्याचे क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा आणि मुंबईचा स्टीव्हन डायस अशी आपल्याकडची मंडळीही होती. पण समोर होते ऑस्ट्रेलिया, बहारीन आणि दक्षिण कोरिया. ऑस्ट्रेलियाने ४-०, बहारीनने ५-२ आणि कोरियाने ४-१ असा विजय मिळवला. गोलरक्षक सुब्रत पालने चेंडू अडवण्याची शर्थ केली म्हणून, नाही तर आकडे याहून मोठे दिसले असते. बहारीनविरुद्ध गौरमांगी सिंग आणि छेत्री यांनी गोल केले, कोरियाविरुद्ध छेत्रीने पेनल्टीवर. आशियाई चषकात भारताने गोल केला तो १९६४ नंतर थेट २०११ साली! अनेक वर्षे भारताचा भार वाहिलेला भाईचुंग भुतिया दुखापतीने बेजार होता. कोरियाविरुद्ध अखेरच्या काही मिनिटांपुरता तो मैदानात उतरला, तेवढाच त्याचा आशियाई चषक.

त्याच सामन्यात कोरियाच्या एका अठरा वर्षांच्या मुलाने देशासाठी आपला पहिला गोल केला. त्याचे नाव सोन ह्युंग-मिन. पुढे तो आशियातील सर्वांत नावाजलेला फुटबॉलपटू झाला. कोरियाने त्या दिवशी सामना जिंकलाच, पण पुढच्या पंधरा वर्षांची सोयही करून ठेवली. आपण काय केले? काही महिन्यांत हॉटन गेले, नवे प्रशिक्षक आले आणि पहिले पाढे पंचावन्न. २०१२ च्या चॅलेंज कपमध्ये भारत तिन्ही सामने हरला आणि २०१५ च्या आशियाई चषकाला मुकला.

अबू धाबी : एक रात्र, एक मिनिट

६ जानेवारी २०१९. अबू धाबीत भारत विरुद्ध थायलंड. स्टीफन कॉन्स्टंटाइन यांचा संघ कुणाच्या खिजगणतीत नव्हता. छेत्रीने पेनल्टीवर पहिला गोल केला, थायलंडच्या तीरासिलने बरोबरी साधली. मध्यंतरानंतर मात्र भारताने असा काही झपाटा लावला की बघणाऱ्यांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. उत्तरार्ध सुरू होताच छेत्रीचा दुसरा गोल, मग अनिरुद्ध थापाचा, मग बदली म्हणून आलेल्या जेजे लालपेखलुआचा. ४-१! पंचावन्न वर्षांनी आशियाई चषकात विजय! थायलंडने आपल्या प्रशिक्षकाला लगोलग घरी पाठवले. छेत्रीच्या आंतरराष्ट्रीय गोलांची संख्या ६७ झाली आणि तेव्हा ६५ गोलांवर असलेल्या लिओनेल मेसीच्या तो पुढे गेला.

दुसऱ्या सामन्यात यजमान अमिरातीकडून भारत ०-२ असा हरला, पण खेळ चांगला झाला. तिसरा सामना १४ जानेवारीला बहारीनशी. हिशेब साधा होता : बरोबरी झाली तरी भारत गटात दुसरा येऊन बाद फेरीत जाणार होता. नव्वद मिनिटे भारताने किल्ला लढवला. ०-० असे असताना जादा वेळेतील पहिल्या मिनिटाला पेनल्टी क्षेत्रात बहारीनच्या खेळाडूला पाडल्याबद्दल पंचांनी शिट्टी फुंकली. जमाल रशीदने पेनल्टी मारली, गोल झाला. दुसरा क्रमांक मिळवू पाहणारा भारत त्या एका फटक्याने गटात तळाला गेला. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हाच. सामना संपल्यावर लगेच कॉन्स्टंटाइन यांनी राजीनामा दिला.

भारतीय फुटबॉलची वेदना समजून घ्यायची असेल तर ते एक मिनिट समजून घ्यावे. तिथवर पोहोचण्याची कुवत होती. तिथे टिकण्याची सवय नव्हती. दर चार वर्षांनी अशा अटीतटीच्या सामन्यांतून जाणाऱ्या संघाला ती सवय आपोआप लागते. वीस-पंचवीस वर्षांनी एकदा जाणाऱ्याला ती कुठून लागणार?

गोलाविना परतलेला संघ

एक गोष्ट मात्र चांगली झाली. जून २०२२ मध्ये कोलकात्यात कंबोडिया, अफगाणिस्तान आणि हाँगकाँग या तिघांनाही हरवून भारत इतिहासात प्रथमच लागोपाठ दुसऱ्यांदा आशियाई चषकाला पात्र ठरला. २०२३ च्या उन्हाळ्यात तर जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरातही शिरला. कोविडमुळे चीनने यजमानपद सोडल्याने ती स्पर्धा कतारमध्ये, जानेवारी २०२४ मध्ये झाली.

इगोर स्टिमॅच यांनी दीर्घ शिबिराची मागणी केली होती. हाती पडले जेमतेम दोन आठवडे, कारण देशातील लीग चालू होती. ऑस्ट्रेलियाविरुद्ध मध्यंतरापर्यंत भारताने गोल होऊ दिला नाही, पण नंतर दोन झाले. उझबेकिस्तानने तीन गोल चढवले. सीरियाविरुद्ध जिंकले असते तर बाद फेरीची आशा होती. ७६ व्या मिनिटाला ओमर ख्रिबिनने गोल केला आणि सीरिया पहिल्यांदाच बाद फेरीत गेला. मुंबईचा राहुल भेके बचावफळीत झुंजला, पण पुढे गोल करणारे कुणी नव्हते. तीन सामने, शून्य गोल. एकोणचाळीस वर्षांचा छेत्रीच अजून आघाडीवर होता, यातच सारे आले.

छेत्रीने जून २०२४ मध्ये निवृत्ती घेतली. त्याच्या जागी कुणी न सापडल्याने मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्याला परत बोलवावे लागले. २०२७ ची पात्रता मिळवून देणे हा त्यामागचा हेतू होता. गटात बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर, आणि फक्त अव्वल संघ पात्र ठरणार होता. शिलाँगमध्ये बांगलादेशाशी ०-० बरोबरी झाली. जूनमध्ये हाँगकाँगने जादा वेळेतील पेनल्टीवर १-० असे हरवले. पुन्हा शेवटचे मिनिट, पुन्हा पेनल्टी! मानोलो मार्केझ गेले आणि ऑगस्टमध्ये खालिद जमील आले. मुंबईच्या मैदानांवर खेळलेला आणि २०१७ साली छोट्या ऐझॉल संघाला आय-लीग जिंकून देणारा हा प्रशिक्षक. त्यांनी सप्टेंबरमध्ये मध्य आशियातील नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक मिळवून दिला. पण पात्रतेचे गणित सावरले नाही. सिंगापुरात अखेरच्या मिनिटाला १-१ बरोबरी, मग फातोर्डा. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशाकडूनही ०-१ अशी हार. त्याच दिवशी सिंगापूर हाँगकाँगला हरवून पात्र ठरला. यापूर्वी तो आशियाई चषकात खेळला होता तो एकदाच, १९८४ साली, यजमान म्हणून. या वेळी तो स्वतःच्या पायांवर पोहोचला.

दुखणे नेमके कुठे?

पहिले दुखणे गोल करणाऱ्यांचे. १९६४ नंतर या स्पर्धेत भारताने केलेल्या सात गोलांपैकी चार एकट्या छेत्रीचे आहेत. २०१४ साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगने पैसा आणला, चांगली मैदाने आणली, पण क्लबांनी आघाडीच्या जागा बहुतेक परदेशी खेळाडूंना दिल्या. ज्या जागेवर मुलगा क्लबसाठी खेळतच नाही, त्या जागेवर तो देशासाठी एकदम कसा चमकणार?

दुसरे दुखणे सातत्याचे. २०११ नंतर हॉटन, २०१९ नंतर कॉन्स्टंटाइन, २०२४ नंतर स्टिमॅच. स्पर्धा संपली की प्रशिक्षक बदलायचा आणि पाटी कोरी करायची. आपण आरंभशूर आहोत, हे इथेही दिसते. ऑगस्ट २०२२ मध्ये जागतिक संघटनेने भारतीय महासंघाला काही दिवस निलंबित केले. २०२५ मध्ये लीगच्या व्यावसायिक कराराचा तिढा सुटेना म्हणून हंगामच वेळेवर सुरू झाला नाही. २०२७ च्या स्पर्धेचे यजमानपद मागणाऱ्या देशांत भारत होता. डिसेंबर २०२२ मध्ये ती मागणी मागे घेतली गेली. ज्या स्पर्धेचे यजमान होण्याचे स्वप्न पाहिले, तिथे पाहुणे म्हणूनही जाता आले नाही.

तिसरे दुखणे सर्वांत खोल आहे. आपण दर वेळी पोहोचण्यालाच यश मानले. पात्रता मिळाली की हारतुरे, पराभव झाला की समित्या. मधल्या चार वर्षांत गावातल्या मुलाला नियमित सामने कुठे मिळतात, हे कुणी विचारत नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे सामने बघायला गर्दी लोटते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावे तिथल्या घराघरात ठाऊक आहेत. त्याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. वेड आहे, मुले आहेत. पण वयाच्या दहाव्या वर्षी चेंडूला पाय लावणाऱ्या मुलाला विसाव्या वर्षी देशाच्या संघापर्यंत नेणारी पायवाट अजून पक्की झालेली नाही.

इतरांनी काय केले? १९६४ साली जपान आशियाई चषकात नव्हता. त्याने पहिल्यांदा मुख्य फेरी गाठली ती १९८८ साली, म्हणजे भारताच्याही नंतर. १९९२ साली त्याने चषक जिंकला, १९९३ साली व्यावसायिक लीग सुरू केली, शाळा आणि क्लब यांची साखळी बांधली, आणि २०११ पर्यंत चार वेळा आशियाई विजेतेपद मिळवले. मुंबई महानगर प्रदेशाहून कमी लोकसंख्येचा जॉर्डन २००४ साली प्रथम या स्पर्धेत आला. जानेवारी २०२४ च्या स्पर्धेत तो उपविजेता ठरला आणि २०२५ साली विश्वचषकासाठी पात्र झाला. लोकसंख्येचा, उंचीचा, हवामानाचा मुद्दा इथे गळून पडतो. उरतो तो चिकाटीचा.

म्हणूनच अबू धाबीतल्या त्या विजयाचे मोल विसरता कामा नये. त्या रात्री सिद्ध झाले की हा संघ जिंकू शकतो. त्या आठ दिवसांनंतरच्या एका मिनिटाने सिद्ध केले की नुसते जिंकू शकणे पुरेसे नाही.

यापुढचा आशियाई चषक २०३१ साली. त्याआधी, २०२८ मध्ये, कुंभकोणमचा मेळा ठरल्या वेळी भरेल. तो कुणी विसरत नाही, कारण त्याची तयारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. फातोर्ड्याच्या त्या संध्याकाळी ज्या गोमंतकीय मुलाचे वय दहा होते, तो २०३१ मध्ये सोळा वर्षांचा असेल. त्याच्यासाठी २०३५ ही उशिराची तारीख नव्हे. मात्र त्याची तयारी २०३४ मध्ये सुरू करून भागणार नाही. ती आज, त्याच्या गावच्या मैदानावर सुरू व्हायला हवी.

आशियाई चषकात भारत

१९६४, इस्रायल : सामने ३, विजय २, पराभव १, गोल ५-३ (उपविजेता)

१९८४, सिंगापूर : सामने ४, बरोबरी १, पराभव ३, गोल ०-७

२०११, कतार : सामने ३, पराभव ३, गोल ३-१३

२०१९, संयुक्त अरब अमिराती : सामने ३, विजय १, पराभव २, गोल ४-४

२०२३, कतार (प्रत्यक्ष खेळ जानेवारी २०२४) : सामने ३, पराभव ३, गोल ०-६

गोल करणारे : सुनील छेत्री ४, इंदर सिंग २, अप्पलराजू, सुकुमार समाजपती, चुनी गोस्वामी, गौरमांगी सिंग, अनिरुद्ध थापा आणि जेजे लालपेखलुआ प्रत्येकी १